चाळीस हजार जबडे

आमचे हे कवळ्या बनवतात. बोळक्या तोंडाचा माणूस खुर्चीत बसवायचा, ट्रेमधला मऊ लगदा त्याच्या जबड्यावर दाबायचा आणि तो घट्ट होईपर्यंत त्याला बोलू द्यायचं नाही. या ठशाला धंद्यात इंप्रेशन म्हणतात. यांचं इंग्रजी बहुतेक तेवढंच.

पण गिऱ्हाईक आटलं. महिनाअखेरपर्यंत कुणी आलं नाही तर दुकान सोडतो, असं यांनी घरमालकांना सांगून टाकलं. मला विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. यांचा जीव त्या दुकानात, आणि वर हा ताठा. तेव्हा जाहिरात कंपनीत काम करणारी आमची भाची म्हणाली, "मामा, मोबाईलवर जाहिरात टाकून बघू."

आठवड्याने तिचा फोन आला. "मामा, चाळीस हजार इंप्रेशन्स झाली."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "चाळीस हजार जबडे? अगं, मला हात दोनच आहेत." तरी प्लॅस्टरची पोती आणली, ट्रे घासले, दाराबाहेर बाक टाकलं. मीही वेडी, कंबर कसून खुर्च्या पुसत बसले.

कुणी फिरकलं नाही. मी भाचीला फोन लावला तर म्हणाली, "मामी, रीच चांगला आहे, जाहिरात पोचतेय, पण क्लिकच नाहीत." मी ते तसंच यांच्या कानावर घातलं. हे उलट खूश. "नसणारच. बोलताना क्लिक वाजते ती कवळी बिघडलेली. माझी आजवर वाजलेली नाही." आता याला काय म्हणावं?

शेवटी ती स्वतः आली. "मामा, इंप्रेशन म्हणजे जाहिरात कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसली, एवढंच."

"आणि तो माणूस?"

"बोटाने सरकवून पुढे जातो. थांबून बोट लावलं तर क्लिक."

"मग ठसा कुठे उमटला गं?"

मला तिचाही राग आला आणि यांचाही, कुणाचा जास्त ते कळेना.

महिना संपला. हे किल्ली द्यायला गेले आणि परत आले ते चपला न काढताच बसले.

"घरमालक म्हणाले, तुमची जाहिरात मला रोज दिसते, फार छान आहे. आणि किल्ली खिशात टाकली."

मी पाणी पुढे केलं. यांनी ते तसंच हातात धरलं.

"मग ते चाळीस हजार त्यांना धरून की त्यांना सोडून?"

मला मेलीला काय कळतंय. मी म्हटलं, "सोडून."