पाण्याखालचा विणकर

सुरतच्या गोडादऱ्यातून हिमाचलात किडा बघायला कोण जातं? मी गेले, आणि वडिलांनाही, म्हणजे नानांना, ओढून नेलं. नानांची पस्तीस वर्षं यंत्रमागावर गेली. बोटं आखडली, काम सुटलं आणि हळूहळू बोलणंही. "मन्हा हात काही कामना नहीत," एवढंच अहिराणीत म्हणायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. कॅडिसफ्लाय हा पाणकिडा फळ्यावर कितीदा काढला, पण पाहिला कधीच नव्हता. म्हटलं, त्या निमित्ताने नानांनाही जरा हलवू.

रेल्वेने चंदीगड, बसने औट, पुढे लहान बसने बंजार. घरगुती खोल्या मिळतात, राजमा-भात पोटभर असतो. थेपले मात्र सुरतहूनच न्या.

पहिला कॅडिसफ्लाय खोलीच्या भिंतीवरच भेटला. तपकिरी, पतंगासारखा, केसाळ पंख कौलारू छपरासारखे मिटलेले, मिशा लांबलचक. ही जात उत्तरेकडच्या थंड, स्वच्छ ओढ्यांची. आमच्या तापीकडे ती फिरकत नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच ओढ्यावर गेलो. पाणी इतकं नितळ, की आपण जागे आहोत का झोपेत, कळेना. या किड्याची अळी पाण्याखाली राहते. तोंडातून रेशीम काढून वाळू-काड्यांची नळी विणते आणि ते घर अंगावर घेऊनच फिरते. मी एक अळी नानांच्या तळहातावर ठेवली. नाना चक्क वाकून बघू लागले.

नळीच्या तोंडाशी एक धागा सुटलेला होता. सुटा धागा दिसला की मागवाल्याची नखं आपोआप पुढे जातात. नानांनी तो ओढला आणि घर उसवलं. तळहातावर मऊ, पांढरी, उघडी अळी उरली.

"मन्हा हातथीन तेनं घर मोडाई गयं," नाना म्हणाले. त्यांनी तिला काठच्या उथळ पाण्यात वाळूवर सोडलं आणि शेजारीच बसले.

"नाना, तीनची परतीची बस चुकेल."

"तू जाय माय. मी आठेच बठस."

नाना तिथून हलले नाहीत, मीही थांबले. बस गेली. घरमालकीण चहा घेऊन आली. "बाबूजी, मछली पकड़ रहे हो क्या?"

"नहीं, कारीगर को देख रहा हूँ."

उन्हं कलली तेव्हा अळीने वाळूचा कण उचलला, फिरवून पाहिला, चिकटवला. मग दुसरा.

"ईनी ऱ्हायना! देख, ईनी ऱ्हायना!" नाना ओरडले. खरंच, ती पुन्हा विणत होती. मला रडूच आलं.

आता परत गोडादरा, तीच मागांची खटखट. फोटो सगळे धूसर आलेत. परवा माझ्या ओढणीला सुटा धागा दिसला. नानांचा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला.

"यामा कोनी ऱ्हास का माय?" यात कुणी राहतं का, असं विचारून ते हसले, आणि त्याच आखडलेल्या बोटांनी धागा आत खोवून गाठ मारली.