पहिली गोळी

साठी उलटून गेली तरी आमच्या सुभेदारकाकांना चष्मा लागला नव्हता. घरातल्या बिऱ्हाडकरू बायका सुईदोरा घेऊन त्यांच्याकडे जात, आणि ते गप्पा मारता मारता दोरा ओवून देत. मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आईबरोबर त्यांच्याच घरात भाड्याने राहत होते. मला ते ‘मास्तरीणबाई’ म्हणत. स्वतःचं असं त्यांना कुणी उरलं नव्हतं.

महायुद्धात ते पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते, पण लढाईची गोष्ट कधी सांगत नसत. मूळचे मंद्रूपकडचे. तिकडच्या माळावर लांडगे फार. मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरू लागला की धनगर काकांना बोलवायला येत, आणि काका लगेच निघत. लांडगा मारून आले की कुणी कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. “त्यालाबी पिल्लं असत्यात,” एवढं म्हणत आणि आंघोळीला जात.

जुन्या बंदुकीची नळी झिजली तेव्हा ती बंदूक जमा करून त्यांनी नवी विलायती रायफल घेतली. इतकं हरखलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा त्यांनी ती हातात धरायला लावली. पण माळावर नेम धरून बघायला गेले, ते परतले तेव्हा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले.

“पहिली गोळी बरोबर बसती, बाई,” ते म्हणाले. “मग हात दमतो. पुढच्या गोळ्या उजवीकडं वाहवत जात्यात. वय झालं की.”

“हात तर जराही कापत नाही तुमचा. सुई कशी ओवता मग?”

“सुईला धक्का बसत न्हाय, बंदुकीला बसतो.”

बंदुकीत खोट असेल, असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. एवढी चकचकीत, नवी कोरी वस्तू! त्या दिवसापासून त्यांनी बायकांच्या सुयाही ओवायचं सोडलं.

अशात मंद्रूपहून बिरू धनगर आला. लांडगा आता मेंढरांवर थांबत नव्हता. शेजारच्या वस्तीवर त्याने दिवसाढवळ्या एका पोराला धरलं होतं. आरडाओरडा झाला म्हणून पोर वाचलं.

“चला की सुभेदार. गाडी आणलीया.”

काकांनी मान हलवली. “माझा हात गेला, बिरू. माणसांच्या गर्दीत गोळी वाकडी गेली तर? दुसरं कुणीतरी बघ.”

“दुसरं कोन हाय आमाला?” बिरू म्हणाला. पण काका उठले नाहीत. तो रिकामी गाडी घेऊन गेला. त्याच आठवड्यात लांडग्याने बिरूची चार वर्षांची हौशी पालाच्या दारातून उचलली.

ती बातमी आली आणि काकांचं जेवण सुटलं. बंदूक दुकानात परत करायची म्हणून एका सकाळी ते ती पुसायला बसले. नळी दाराच्या उजेडाकडे धरून डोळा लावला, आणि तसेच बसून राहिले. मग मला हाक मारली. मीही डोळा लावला. आत उजेडाची गोल वलयं दिसत होती, एकात एक. ती नीट मधोमध असायला हवीत, असं काका म्हणाले. पुढे जाऊन ती एका बाजूला कलली होती.

त्यांनी मला माळावर नेलं. वाळूच्या पोत्यांत बंदूक घट्ट बांधली, चापाला दोरी लावली आणि लांबून ओढली. हात कुणाचाच नव्हता. पहिली गोळी फळीवरच्या खुणेत बसली. नळी तापत गेली तशा पुढच्या गोळ्या उजवीकडे सरकत गेल्या. कारखान्यातून आली तेव्हापासूनच नळी बाकदार होती. तापली की आणखी वाकायची.

“काका, तुमचा हात चांगला आहे!” मी आनंदाने ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझं मला कळलं मी काय बोलले ते. “लांडग्याला किती गोळ्या लागत्यात, बाई?” ते म्हणाले. “एकच की. पहिलीच.”

दुकानदार नळी बदलून द्यायला तयार होता. काकांनी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी ते मंद्रूपला गेले. एकट्याने जाऊ नये म्हणून मीही गेले. पालासमोर उभं राहून त्यांनी बिरूला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

बिरू ऐकत होता. “मंजी तुमी आला असता तर...” इतकं म्हणाला आणि मेंढरांकडे तोंड करून उभा राहिला.

“मी हितंच राहतो,” काका म्हणाले. “काठी घिऊन दारात बसंन. लेकरं राखीन.”

बिरूची बायको आत चूल पेटवत होती. तिने मान वर केली नाही. “आमचं एकच हुतं,” ती म्हणाली.

आम्ही परत आलो. थंडी सरायच्या आत काका गेले. डॉक्टरांना रोग सापडला नाही.