बांधावरचा कान

मुळशीत पाऊस मोजायला यंत्र येणार हे ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी मी ओळखलं की यात काहीतरी वेगळं आहे.

पाऊस मोजायचा तो जिथं कमी पडतो तिथं. आमच्याकडं ज्येष्ठात दोरीवर टाकलेली विजार दसऱ्याला उतरते, आणि तोवर तिच्या खिशात बेडकाचा संसार थाटलेला असतो. माझ्या चुलत्याच्या छत्रीवर एका श्रावणात अळंबी उगवली. त्यानं ती तोडून भाजी केली आणि तीच छत्री घेऊन पौडच्या बाजाराला गेला. आषाढात पाव्हणा आला तर त्याला वाळवून परत पाठवेपर्यंत दिवाळी येते. अशा गावात पाऊस किती पडला हे कुणी विचारत नाही. थांबला का, एवढंच विचारतात. मग मोजायचं काय?

हे यंत्र आणलं माझ्या सुनेनं. पोरगा हिंजवडीत कंपनीची बस चालवतो, आणि सून शेतीची पदवी घेतलेली. शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेत ती लागली होती. सहा महिने काम बघणार आणि जमलं तरच कायम करणार, असा करार. पहिलंच काम दिलं ते गावात हवामानाचा खांब बसवण्याचं. जागा द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा तो खांब आमच्याच खालच्या खाचराच्या बांधावर उभा राहिला.

माझ्यापेक्षा हातभर उंच लोखंडी खांब. टोकाला गरागरा फिरणाऱ्या तीन वाट्या, मध्ये पांढरी डबी, बाजूला जेवणाच्या ताटाएवढी सोलरची पाटी. आणि आडव्या दांडीवर, आभाळाकडं तोंड वासलेलं एक पांढरं नरसाळं.

"मामा, हे पर्जन्यमापक," सून म्हणाली. "पाऊस या नरसाळ्यात पडतो, खाली मोजला जातो आणि दर तासाला आकडा पुण्याला जातो."

"पुण्याला कशाला? पाऊस हितं पडतोय."

"तिथून सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. खत कधी टाकायचं, फवारणी कधी करायची, ते कळतं."

"म्हंजे हितला पाऊस पुण्याला जाऊन परत हितं येनार. एस्टीनं का?"

ती हसली. गुणी पोरगी आहे, तिच्यावर माझा काडीचा संशय नव्हता. संशय होता तो खांबावर.

"आन ह्ये चालतंय कशावर?"

"उन्हावर. सोलर आहे ना."

"आषाढात ऊन कुटंय?"

"आत बॅटरी आहे, मामा."

आता तुम्हीच सांगा. दोन-दोन महिने सूर्य तोंड दाखवत नाही आणि बॅटरी भरलेलीच. मग भरतं कोण? हा प्रश्न मी तिला विचारला नाही. काही प्रश्न विचारले की समोरचा सावध होतो.

आम्ही असे का, तेही सांगतो. माझे आजोबा लहान असताना गावात असेच टोपीवाले साहेब आले होते. त्यांनी खुंट्या मारल्या, दुर्बिणीतून बघितलं, साखळ्या ओढल्या. लोकांनी विचारलं तर म्हणाले, फक्त मोजतोय. मोजून झालं आणि शेत, उंबरा, चूल सगळं धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या पाण्याची वीज झाली आणि डोंगर उतरून मुंबईला गेली. धूर नाही, राख नाही, अगदी स्वच्छ वीज. आमच्या वाडीत मात्र माझ्या लग्नाच्या वरातीलासुद्धा रॉकेलच्या बत्त्या होत्या, आणि त्या उजेडात मी नवऱ्या मुलीऐवजी करवलीच्या हाताला धरून चार पावलं चाललो. त्यामुळं कुणी मोजायला आलं की आम्हाला आपोआप पाय ओले झाल्यासारखे वाटतात.

धरणाच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. देशाचं आणि जगाचं जे काय ठरायचं ते आधी तिथं ठरतं, मग दिल्लीला कळतं. त्या पावसाळ्यात विषय होता धरणाच्या पाण्यावर तरंगत्या सोलरच्या पाट्या टाकण्याचा. कुणी म्हणे टाकणार, कुणी म्हणे टाकल्या.

"पाट्यांखाली अंधार हुनार. मासं आंधळं हुतील," जाळंवाला म्हणाला. धरणात मासे धरून त्याचं घर चालतं.

"बरं की मंग. तुजं जाळं त्यास्नी दिसायचं न्हाई," टपरीवाला म्हणाला.

त्यावरून गाडी पवनचक्कीवर आली. ती वारा ओढून घेते, म्हणून पलीकडच्या डोंगरावर धान्य उफणायला वारा राहिला नाही. मग विजेवरच्या स्कूटरवर आली. ती ताम्हिणीचा घाट चढली तर मिशी उतरवीन, असं जाळंवाला म्हणाला. टपरीवाल्यानं त्याला आधी मिशी दाखवायला सांगितली. मग सगळे माझ्याकडं वळले.

"तात्या, तुमच्या बांधावर काय हुबं केलंय?"

पाऊस मोजतंय म्हणून सांगायचं तर मुळशीत माझी अब्रू गेली असती. मी बशीतला चहा संपवला, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"हिंजवडीजवळ जांबं गावात एका खोल्यावाल्याच्या गच्चीवर असाच खांब हाय. त्यो आपल्या बायकूला गच्चीत म्हनला, म्होरल्या महिन्यापास्नं भाडं वाढवू. सकाळी दार उघडतोय तर समदे भाडेकरू रांगंत. कॉम्प्युटरवाली पोरं ती. हातात छापील अर्ज."

"मंग?"

"मंग काय. नवराबायकू आता खुनंनं बोलत्यात."

टपरीवर कुणी हसलं नाही. गंमत संपलीय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी जाळंवाल्यानं मला बाजूला घेतलं. भुकूमला एका बंगल्यावर असे दोन खांब आहेत आणि त्यापायी तिथले नवरा-बायको कोर्टात गेलेत, अशी खात्रीची बातमी त्यानं मला दिली. कुणी सांगितली म्हणून विचारलं तर म्हणाला, लई जनांनी. भातलावणीला आलेल्या बाया आमच्या बांधाजवळ आल्या की गाणं बंद करायच्या. एक गडी म्हशीला शिव्या दिल्याशिवाय पाऊल टाकत नसे. त्यानं म्हैस लांबच्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. गोष्ट माझीच होती, हे मला ठाऊक होतं. तरी रोज वाटायचं, एवढी माणसं उगाच गप्प बसतील का? माझ्या तोंडून चुकून खरं तर निघालं नसेल ना?

अशात एका दुपारी भुकूमचा जमिनीचा एजंट आला. आमच्या खालच्या खाचरावरून पाणी फार छान दिसतं म्हणे, तिथं शनिवार-रविवारवाल्यांसाठी लाकडी घरं उभी करायची होती त्याला. जमीन मला विकायची नव्हती. पण कुणीतरी दोन तास आपल्या चिखलाची तारीफ करावी, हे मला आवडतं, आणि एजंटाइतकी मनापासून तारीफ दुसरं कुणी करत नाही. घरी यातलं काही माहीत नव्हतं. घरच्यांना वाटलं असतं म्हातारा विकतोय.

आम्ही बांधावर उभे राहिलो. एजंटानं तोंड उघडलं आणि माझी नजर नरसाळ्यावर गेली. ते आ वासून तयार होतं. मी पळत गोठ्यात गेलो, खताची रिकामी गोणी आणली, नरसाळ्यावर उपडी घातली आणि सुतळीनं आवळून बांधली.

"हे काय, तात्या?"

"कान झाकला."

त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि तरीही हळूच बोलला. तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून पाऊस आला. तो मोटारसायकलकडं पळाला, मी घराकडं. गोणी तिथंच राहिली. खरं सांगायचं तर मी ती राहू दिली. ऐकत नाही तेवढं बरं.

मग चार दिवस जे कोसळलं, ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा नेहमीचा. एवढंच सांगतो की आमच्या कोंबड्यांनी तिसऱ्या दिवशी बदकांसारखी चाल धरली. चौथ्या दिवशी सकाळी टपरीच्या पत्र्यावर ताशा वाजत होता, बाकाखालून ओढा वाहत होता, आणि सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. टपरीवाल्यानं मोठ्यानं वाचलं.

"मुळशी. गेल्या चार दिवसांतला पाऊस शून्य. पिकाला पानी देन्याचा विचार करावा."

जाळंवाला बाकावरून खाली पडला, आणि पडला तो पाण्यात. त्या दिवशी सगळ्यात जास्त मीच बोललो. मी म्हणालो, बघा, ह्ये तुमचं विज्ञान. मी म्हणालो, पुन्यात बसून आकडं लिवत्यात. तुम्ही विचाराल, गोणी आठवली नाही का? नाही आठवली. मी गोणी कानावर घातली होती. पावसाचा आणि तिचा काय संबंध? यंत्र पाऊस मोजतं यावर माझा विश्वास इतका नव्हता, की ते बंद पडलं हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी आलो तर पडवीत सून बसली होती आणि समोर ती गोणी. भिजत खाचरात जाऊन तिनं सोडवून आणली होती.

"पुण्याहून फोन होता," ती म्हणाली. "उद्या साहेब येणार आहेत. गावाला खांब नको असेल तर काढून नेऊ म्हणाले. आणि माझंही मग बघू म्हणाले."

सुतळी तिच्या हातात होती. बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ. आमच्या घरात ती मला एकट्यालाच येते. तिनं गाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुणी बांधली माहीत नाही, असं मी लिहून देणार आहे."

"आन तुजं काम?"

"नवीन जागा बघतील, मामा. नवीन माणूसही."

"तिला ठावं न्हाई," स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "मला ठावं हाय."

त्या संध्याकाळी मी तीन वेगवेगळ्या गोष्टी जुळवल्या. एकीत वानर होतं, एकीत वादळ होतं, आणि एकीत जाळंवाला होता. तिन्ही झकास होत्या. पण कुठलीही सांगितली तरी साहेब म्हणणार, मग पोरीनं चार दिवस खांबाकडं बघितलं का नाही? गोष्टीनं मी सुटत होतो, ती सुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. तरुण होता, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. शून्य पावसाचा धनी बघायला अर्धं गाव बांधावर जमलं होतं. सुनेनं कागद पुढं करायच्या आधीच मी म्हणालो, "गोनी म्या घातली."

"का?"

"ऐकत हुतं म्हनून."

त्यानं चष्मा पुसला. "आजोबा, सुनेला वाचवायला काहीही सांगू नका."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा भर गर्दीत खरं बोललो, आणि त्याला गिऱ्हाईक मिळेना. तेवढ्यात टपरीवाला पुढं आला आणि साहेबाच्या कोपराला धरून हळूच म्हणाला, "साहेब, जरा लांब चला. हितं नगं."

त्यानं साहेबाला वीस पावलं पलीकडं नेलं. सगळं गाव मागोमाग. तिथं म्हशीच्या मालकानं सांगितलं की त्याची म्हैस शिवीवाचून चालायची विसरली आहे. एका बाईनं सांगितलं की आठ दिस झालं, आमी लावनीचं गानं म्हनलं न्हाई. जाळंवाल्यानं जांब्याची गोष्ट सांगितली. आता तिच्यात पाच खांब होते आणि खोल्यावाला गाव सोडून गेला होता. साहेब एकेकाचं तोंड बघत राहिला. मग सुनेला म्हणाला, "तुम्ही लोकांना समजावलं नव्हतं?"

"समजावलं होतं, सर. ऐकलं माझं, पण खरं मानलं यांचं."

साहेबानं तिला यंत्र उघडायला सांगितलं. आत तराजूच्या पारड्यांसारख्या दोन इवल्या डब्या होत्या. सुनेनं वरून तांब्यानं पाणी ओतलं. एक डबी भरली, कलंडली, टक. दुसरी भरली, कलंडली, टक. प्रत्येकानं वाकून कान लावला. मीही लावला.

"येवडंच?" टपरीवाला म्हणाला.

"एवढंच," सून म्हणाली. गाव जरा नाराज होऊनच पांगलं.

साहेबानं ठरवलं की खांबाशेजारी जुन्या पद्धतीचं साधं मापही ठेवायचं. गावातल्या एका माणसानं ते रोज सकाळी बघून वहीत लिहायचं. पावसाळाभर दोन्ही आकडे जुळले तर खांब राहील आणि सुनेचं कामही. माणूस कोण?

"मामा," ती म्हणाली. साहेबाचा चेहरा पडला. "सर, त्या खांबावर यांच्याइतकं लक्ष गावात कुणाचंच नाही."

तेव्हापासून मी रोज सकाळी बांधावर जायला लागलो. काचेच्या नळीला डोळा लावायचा आणि लिहायचं. हात फार शिवशिवायचा. दोन रेघा वर लिहिल्या तर कुणाचं काय जातंय, असं वाटायचं. पण पोरीची नोकरी त्या रेघांवर उभी होती. वहीत पडला तेवढाच लिहिला. टपरीवर किती पडला म्हणून विचारलं, तर तिथं म्हैस पोहत घरी यायची, ती पद्धत चालूच होती.

आकडे जुळले. एक दिवस नाही, रोज. आता माणसाचं माणसाशी इतकं जुळत नाही. मी काय लिहिलं ते आतून कोण सांगत होतं, याचा अजून तपास लागलेला नाही.

दिवाळीनंतर तिला कायम केल्याचं पत्र आलं. पेढा हातावर ठेवताना तिनं विचारलं, "मामा, त्या दिवशी गोणी घालून बोलत काय होता?"

"तुज्या खांबाला इचार की."

ती हसली, पण मी तिच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं.

परवा एजंट परत आला. त्याला मी वरच्या बांधावर घेऊन गेलो.