तळहातावर घेतलेलं लिंग

देवावर मी इतकी कधीच चिडले नव्हते. लेक जन्मली ती हृदयात दोष घेऊन, आणि बसवकल्याणच्या आमच्या घरी जो येई तो मलाच विचारी, ग्रहण पाळलंस का, काय खाल्लंस. कलबुर्गीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी निदान नीट समजावून सांगितलं. झोपेत मेंदूतली घाण धुऊन निघते. अशा बाळांत ते काम मंदावतं का, हे ऑपरेशनआधी एमआरआयवर बघायचं होतं. झोपेचं औषध नाही. पाजून, घट्ट गुंडाळून झोपवायचं आणि अंगावर धातू ठेवायचा नाही. सासूबाईंनी एवढंच ऐकलं की नातीच्या डोक्यात घाण आहे म्हणतात.

मोठ्या मुश्किलीने लेक झोपली. आत नेताना नर्सच्या हाताला दुपट्यात काहीतरी कडक लागलं. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे जन्मानंतर स्वामींनी तिच्या अंगावर बांधलेलं इष्टलिंग आम्ही काढून ठेवलं होतं. सासूबाईंनी ते चांदीच्या डबीसकट गुपचूप परत खोचलं होतं. लिंग अंगावेगळं झालं की जीव जातो, ही त्यांची भीती. दुपटं सोडताना लेक जागी झाली आणि रडून निळी पडायला लागली. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं, ही वेळ गेली की तपासणी राहणार होती. मी डबीकडे हात नेला तर सासूबाई म्हणाल्या, "शिवू नको, बाळंतीण हायस तू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाकावर मुडबी गावाकडची एक म्हातारी बसली होती, तिच्याही गळ्यात लिंग. ती उठून आली. "अक्का, आपल्या लिंगायतात सुतक कुठं हाय? कामून पोरीला अडवायलाव?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिंग तळहातावर घे अन् बस. पूजेला हातावर घेतलेलं लिंग अंगावेगळं झालं म्हणत न्हाईत."

सासूबाई बाजूला सरकल्या. मी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, उजव्या हातानं लेकीला छातीशी धरलं. मंत्र आठवेना, राग तेवढा आठवत होता. तोच मनातल्या मनात त्याच्यापुढे ओतला. माझं बोलून संपलं तेव्हा लेक झोपली होती. नर्सनं तिला पुन्हा गुंडाळून आत नेलं, लिंग बाहेर माझ्या तळहातावरच राहिलं. मशीनच्या त्या धडधडाटातही ती उठली नाही. म्हातारीचे आभार मानायला वळले, तर ती निघून गेली होती.

ऑपरेशन पार पडलं. मेंदूचं काय, ते डॉक्टर पुढेही बघत राहणार आहेत. जे माझ्या हातात नाही ते मी आता देवावर सोडलंय, कृतज्ञतेनं. सुतक सांगणाऱ्यांना मात्र अजून सोडलेलं नाही.