पाच ते सहाचा वर्ग

केंद्रात नवा माणूस कामाला लागला की ताई त्याला पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवायच्या नाहीत. त्याला खुर्चीवर बसवायचं, आपण समोर बसायचं आणि विचारायचं, "चहा घेणार की पाणी?" तो बिचारा भिडेखातर "काहीही चालेल" म्हणाला की संपलंच. "काहीही चालेल हे उत्तर नव्हे. नीट ठरवून सांगा, मी थांबते." आणि बाई खरंच थांबायच्या हो! मनातल्या मनात तीस आकडे मोजायच्या. तीस आकडे म्हणजे काही थोडा वेळ नव्हे, आणि समोरची बाई टक लावून बघत असताना तर मुळीच नाही. नवा माणूस घामाघूम होऊन एकदाचा काहीतरी सांगायचा, आणि मग ताई त्याला ते आणून द्यायच्या.

केंद्राचा नियमच तो होता. तिथे येणाऱ्यांपैकी कुणाला चालता येत नसे, कुणाला दिसत नसे, कुणाला बोलता येत नसे, तर कुणाला बोललेलं कळायलाच वेळ लागायचा. त्यांच्यासाठी एका जुन्या गोदामात हे सगळं उभं केलेलं: कोमट पाण्याचा हौद, त्यात खुर्चीसकट उतरवणारा पाळणा, चाकाच्या खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर बांधलेले फुलांचे वाफे, घुंगरू घातलेला चेंडू. हौदात उतरायचं की वाफ्याशी बसायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बोलता येत नसेल तर दोन चित्रं पुढे धरायची, विचारायचं, तीस मोजायचे. "यांच्या आयुष्यात कधी उठायचं, काय घालायचं, कुठे बसायचं, सगळं दुसरेच ठरवतात," ताई म्हणायच्या. "निदान या दारातून आत आल्यावर तरी कुणी ठरवून टाकायचं नाही."

एकोणीस वर्षं ताईंनी हे केंद्र चालवलं. कुणाला कोणत्या कुशीवर टेकवायचं, कुणाला ढोल जवळ वाजलेला खपत नाही, कुणाला पाण्यात आधी पाय आणि मग हात लागतात, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांना स्वतःला काय आवडतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. विचारतो कोण?

घरी वडील होते. अंथरुणाला खिळलेले आणि जिभेने तिखट. "आज किती जणांना बुडवलंस हौदात?" असं रोज विचारायचे, आणि ताई रोज चिडायच्या. मग ते गेले आणि त्या दोन खोल्यांत चिडायलासुद्धा कुणी उरलं नाही. घर खायला उठतं म्हणतात ना, ते ताईंना छप्पन्नाव्या वर्षी कळलं. परगावचा भाऊ रविवारी फोन करायचा. पण त्याच्या "बरी आहेस ना?" आणि "चल, ठेवतो" यांच्यामध्ये पाच आकडेसुद्धा मोजून होत नसत.

आता साहेबांची ओळख करून द्यायला हवी. साहेब म्हणजे केंद्रात येणारा त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ. उजवं अंग आखडलेलं, वाचा नाही, समज मात्र अशी की भलेभले झक मारतील. सकाळी आला की डावा हात पाठीमागे घेऊन, एक पाय ओढत सबंध केंद्राची पाहणी करायचा. हौदाच्या पाण्यात बोट घालून बघायचा, वाफ्यात पाणी कमी असलं तर माळ्याकडे डोळे वटारायचा. म्हणून साहेब. त्याच्या गळ्यात एक कडी असायची आणि कडीत चित्रांची कार्डं: पाणी, भूक, दुखतंय, घरी जायचंय. गाड्यांचा भयंकर शौक. कुठलीही गाडी दिसली की आधी वाकून चाकं तपासणार.

साहेबाची आई पाच वाजता त्याला न्यायला यायची. ताईंचे वडील गेल्यानंतर दोन आठवड्यांनी, एका दिवशी तिला दवाखान्यात उशीर झाला आणि ती सहाला पोचली. सगळे गेलेले. ताई आणि साहेब दाराजवळच्या बाकावर पत्ते खेळत बसले. पत्ते उभे करायला सुताराने खाच पाडलेली एक फळी करून दिली होती, तिच्यामागे साहेब बसला आणि त्याने बेशरमपणे ताईंचे पत्ते वाकून बघितले. "अहो साहेब, लाज वाटते का काही?" ताई ओरडल्या आणि हसल्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या आईला सांगितलं, "मावशी, साहेबांसाठी पाच ते सहा एक खास वर्ग सुरू केलाय. पत्त्यांचा. बोटं मोकळी होतील त्यांची. तुम्ही सहालाच येत जा."

मावशींनी हात जोडले. "किती करता हो ताई तुम्ही त्याच्यासाठी!"

तिथल्या तिथे ताईंनी जीभ चावायला हवी होती. नाही चावली. आणि बघता बघता चार वर्षं गेली.

अगदीच खोटं होतं असंही नाही. साहेबाची आखडलेली बोटं खरंच सुटली. आधी पत्ता धरता येत नव्हता, आता पिसायला लागला होता. पण साहेबाला कुणी विचारलंच नव्हतं. ज्या बाईने अख्ख्या केंद्राला विचारून थांबायला शिकवलं, तिने हे एकच विचारलं नाही. कारण उघड आहे. तिला उत्तर नको होतं. दिवसभर ती सगळ्यांची असायची, आणि तो एक तास तिचा होता. बंद पडलेला गीझर, भावाचा फोन, वडिलांच्या चपला अजून दाराशीच आहेत, सगळं ती साहेबाला सांगायची. साहेब डाव्या बोटाने मांडीवर ताल धरून ऐकायचा आणि मध्येच तिचा हुकमाचा पत्ता लांबवायचा.

मग केंद्राला गाडी मिळाली. पांढरी, मागे खुर्ची चढवायचा उतार असलेली, सगळ्यांना पाच वाजता घरी सोडणारी. तिच्याबरोबर एक ड्रायव्हर आला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्याच दिवशी यादी बघून म्हणाला, "ताई, साहेबांचं नाव राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. त्यांचा सहापर्यंत वर्ग असतो."

"एकट्याचाच?"

"तुम्ही गाडी बघा ना," ताई फाडकन म्हणाल्या. ड्रायव्हरने गाडी बघितली. साहेबानेही बघितली; चारी चाकं तपासली, आरशात तोंड पाहिलं, आणि गाडी निघून गेल्यावर फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. ताईंनी ते पाहिलं आणि पत्ते पिसायला घेतले.

असे तीन आठवडे गेले. थंडीचे दिवस, सहाला अंधार व्हायचा. एका संध्याकाळी सहा वाजून गेले तरी मावशी आल्या नाहीत. सव्वासहाला आल्या त्या भिंतीला धरून. तळहात सोलवटलेला, साडी गुडघ्यापाशी मातीने भरलेली.

"काही नाही हो, पायरी दिसली नाही," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय ना. उजेड असला तर दिसतं जरा."

ताईंनी त्यांना बसवलं, हात धुतला, औषध लावलं. साहेबाने कडीतलं "दुखतंय"चं कार्ड काढून आईच्या मांडीवर ठेवलं आणि तो तिच्या मनगटावर फुंकर घालत बसला.

"चालत का येता पण तुम्ही? कुणी सोडणारं नाही का?"

"होती की. शेजारीण पाचला कामावरून सुटते, तिच्या गाडीतून जायचो आम्ही दोघं. पण हा वर्ग सुरू झाला ना. तिला कसं थांबवायचं तासभर?" मावशी हसल्या. "आणि वर्ग बुडायला नको त्याचा. माझं काय, मी येईन कशीही. तुम्ही त्याच्यासाठी थांबता रोज, मला पडायची काय भीती!"

हातातला कापूस ताईंनी उगाचच पुन्हा औषधात बुडवला. त्या मायलेकांना रिक्षा करून दिली आणि त्या परत येऊन बाकावर बसल्या. चार वर्षं एक म्हातारी अंधारात ठेचकाळत होती आणि वर आपल्यालाच हात जोडत होती! ताईंना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन नवी कार्डं केली. एकावर गाडीचा फोटो. त्यातही ड्रायव्हर दात काढून उभा. दुसऱ्यावर बाक, त्यावर पत्त्यांची फळी. साहेबाला समोर बसवलं.

"साहेब, पाच वाजता गाडीने घरी जायचं, की इथे बसून पत्ते खेळायचे? सांगा. मी थांबते."

आणि मोजायला लागल्या. सातव्या आकड्याला साहेबाने गाडीवर बोट ठेवलं.

नियम असा की कार्डांची जागा बदलून पुन्हा एकदा विचारायचं, म्हणजे हात चुकून पडला की काय ते कळतं. ताईंनी जागा बदलली. साहेबाने गाडीवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा विचारायचा नियम नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ताईंनी त्याला फैलावर घेतलं असतं. त्यांनी विचारलं. साहेबाने ताईंकडे असं बघितलं की बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? आणि बाकाचं कार्ड टेबलाच्या कडेला सरकवून दिलं.

"बरं," ताई म्हणाल्या. यादीत साहेबाचं नाव लिहिलं, मावशींना फोन करून वर्ग संपल्याचं कळवलं, दोन्ही कार्डं साहेबाच्या कडीत अडकवली आणि आत जाऊन नळ सोडून तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

पाच वाजता गाडी लागली. सगळे चढले. साहेबाने चाकं तपासली, ड्रायव्हरला मान डोलावून मंजुरी दिली, उतारावर एक पाय ठेवला आणि थांबला. मग वळून, पाय ओढत ताईंपाशी आला. गळ्यातली कडी पुढे केली आणि त्यातून दोन कार्डं वेगळी काढून त्यांच्यासमोर धरली. एक गाडी. एक बाक.

ताईंना आधी कळेचना. मग कळलं. साहेब विचारत होता.

"अहो, मला काय विचारता? काहीही..." त्या बोलता बोलता थांबल्या. साहेब हलला नाही. डावं बोट कार्डामागे टकटक करत होतं, एक, दोन, तीन. ड्रायव्हरने हॉर्न दिला; साहेबाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत ताईंना कुणी असं विचारून थांबलं नव्हतं. खोटं उत्तर द्यावं, गाडीवर बोट ठेवावं आणि मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं. पण या माणसाच्या नावावर एकदा खोटं बोलून झालं होतं. त्यांनी बाकावर बोट ठेवलं. वेडी आशा हो, दुसरं काय! वाटलं, थांबेल.

साहेबाने मान डोलावली. नियमाप्रमाणे कार्डांची जागा बदलली आणि पुन्हा धरली. ताईंनी पुन्हा बाकावर बोट ठेवलं.

मग त्याने पत्ते पिसून पिसून सुटलेल्या बोटांनी बाकाचं कार्ड कडीतून सोडवलं, ताईंच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटवली. ज्याने जे मागितलं ते त्याला द्यायचं, हे ताईंनीच तर शिकवलं होतं. आपलं गाडीचं कार्ड मिरवत साहेब उतार चढून गाडीत बसला, खिडकीशी.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ताई हात हलवत राहिल्या. मग जाऊन बाकावर बसल्या. कार्ड मुठीतच होतं. सहा वाजायला अजून पन्नास मिनिटं होती.