खास विषयाचा रकाना

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर दिला त्याच दुपारी कॉलेजच्या खिडकीतून आम्हाला एकेक गुलाबी फॉर्म मिळाला. तिसऱ्या वर्षाला कोणता खास विषय घेणार ते त्यात लिहायचं होतं. अकाउंट्स, बँकिंग आणि संख्याशास्त्र असे तीन पर्याय छापलेले होते आणि खाली एक रिकामा रकाना होता. जूनअखेरपर्यंत मुदत होती. माझ्या मैत्रिणींनी तिथंच भिंतीला फॉर्म टेकवून रकाना भरला आणि त्या सिनेमाला गेल्या. मी फॉर्म घडी करून घरी आणला.

अकाउंट्समध्ये मी वर्गात पहिली होते. अडचण तीच होती. कमी मार्क असते तर कुणी काही बोललं नसतं. पण पहिल्या वर्षाला एक्क्याऐंशी मार्क पडले, तेव्हापासून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला ते जमत होतं यात शंका नव्हती. उदाहरण वाचलं की कुठली रक्कम नावे टाकायची आणि कुठली जमा, हे हाताला आपोआप कळायचं. आवडत होतं का, ते मात्र कळत नव्हतं. वही मिटली की विषय संपायचा. परत उघडावी असं कधी वाटलं नाही.

आधी मी आमच्या अकाउंट्सच्या सरांकडं गेले. ते स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते.

"सर, अकाउंट्स माझ्यासाठी बरोबर आहे का, ते कसं ओळखायचं?"

"मार्क किती आहेत?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी सांगितलं.

"मग प्रश्न काय आहे?"

प्रश्न काय आहे हे मला त्यांच्यापुढं उभं राहून मांडता आलं नाही. मी बरं म्हणून निघाले आणि जिना उतरताना स्वतःवरच चिडले.

आमचं मूळ गाव देवगाव रंगारी. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. वाळूजला कारखाने आले तेव्हा शेती काकांच्या हवाली करून दादा आम्हाला घेऊन औरंगाबादला आले. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांना काम मिळालं. मांडणीतल्या प्रत्येक खणाला एक कार्ड लटकवलेलं असायचं, त्यावर किती नट आले, किती गेले ते लिहायचं. तीन पाळ्या होत्या, दर आठवड्याला झोपेची वेळ बदलायची. स्टोअरच्या समोर काचेची केबिन होती आणि तिथं अकाउंट्सची माणसं बसायची. दादांनी माझ्यासाठी पाहिलेलं स्वप्न म्हणजे ती केबिन होती.

मी सरांची हकिगत सांगितल्यावर दादा म्हणाले, "त्यांचं जाऊ दे. आमच्या साहेबांनाच इचारू. रोज तेच काम करत्यात ते."

दादांची सकाळची पाळी होती. पहाटे आम्ही कंपनीच्या बसनं निघालो. त्या बसमध्ये मी एकटीच मुलगी होते. गेटवर पहारेकऱ्यानं मला बाकावर बसवलं आणि पास आल्याशिवाय आत सोडता येणार नाही म्हणाला. पास यायला साडेअकरा वाजले. दादा अर्ध्या तासाची सुट्टी मागून आले. निळ्या गणवेशात, टोपी हातात धरून ते मला केबिनीत घेऊन गेले आणि दाराशीच उभे राहिले. साहेबांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"हुशार आहे म्हणे मुलगी," साहेब म्हणाले. "छान. मुलींसाठी फार चांगली लाइन आहे. लग्नानंतर घरी बसून दुकानांची कामं करता येतात."

"सर, तुम्हाला दिवसभर नेमकं काय काम असतं?"

ते हसले. "कामच काम असतं."

तेवढ्यात फोन वाजला. फोनवर बोलता बोलता त्यांनी दादांना हातानं खूण केली, झालं म्हणून. पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यानंतर दादांची पाळी सुटेपर्यंत मी पुन्हा गेटजवळच्या बाकावर बसून राहिले, कारण परतीची बस तेव्हाच होती.

बसमध्ये दादांनी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"काय झालं? त्यांनी काही सांगितलंच नाही."

"चांगली लाइन हाय म्हनले की."

"चांगली कुणाला?"

"हे बघ बाई, सहा वर्षं झाली मला पाळ्या करून. त्या केबिनीतल्या मानसाला मी एकदा बी रातपाळीला पाह्यलं नाय. पंखा हाय, खुर्ची हाय. अजून काय पायजे?"

"पाळी तुम्हाला नको आहे दादा. मला काय पाहिजे ते कुणी विचारलं का?"

माझा आवाज चढला होता. पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळून बघू लागले. दादा नगर नाका येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाईट वाटत होतं आणि तरी राग जात नव्हता. त्यांनी माझ्यासाठी साहेबापुढं हात जोडले होते, हे मला दिसत होतं. पण ज्याला विचारावं तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

घरी आईनं एवढंच विचारलं, "जेवलीस का तिथं?" मी नाही म्हटलं. तिनं ताट वाढलं आणि आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहत बसली.

चार दिवसांनी दादा आपणहून म्हणाले, "गुलमंडीवर माझा एक दोस्त हाय. गावाकडं एका शाळेत होतो. चार दुकानांचे हिशेब लिहितो. त्याच्यापाशी जाऊन बस महिनाभर. काय ते तुझं तूच बघ."

त्या दोस्ताला मी चाचा म्हणू लागले. पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकणाऱ्या एका दुकानाच्या माळ्यावर ते बसायचे. लाकडी शिडीनं वर जावं लागायचं. पांढरी दाढी, पांढरा सदरा, आणि बेरीज करताना ओठ हलायचे. ते मोजायचे उर्दूत आणि लिहायचे मराठीत. पहिल्याच दिवशी मी माझा प्रश्न विचारला, तर म्हणाले, "बेटा, आधी काम कर. सवाल कुठं पळून जात नाय."

त्यांनी माझ्यापुढं पावत्यांचा खोका सरकवला. आठवड्याचं काम मी तीन दिवसांत केलं. चाचांनी चष्मा वर करून सगळी पानं तपासली. एकही चूक निघाली नाही.

"जमतंय तुला. अक्षर बी साफ आहे. पण जांभया लई देती तू."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "चाचा, जमतंय एवढंच सगळे सांगतात. पुढं काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक सांग. इथनं घरी जाताना डोक्यात काय असतं तुझ्या?"

"काही नसतं. आपला स्टॉप कधी येतो ते बघते."

"मला तीस साल झाले. अजून रस्त्यात एखादी रक्कम आठवली की मी जागीच थांबतो. मागचे लोक येऊन धडकतात. शिव्या खाल्ल्यात मी त्यापायी." ते पुन्हा लिहू लागले. "तू थांबत नाय. वाईट नाय ते. पण लक्षात ठेव."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या प्रश्नाला हात घातला होता. पण त्यानं सुटका झाली नाही, उलट वैताग वाढला. हे नाही तर मग काय, ते चाचांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला जुनी बिलबुकं लावायला दिली. पाच वर्षांची होती, काही उंदरांनी कुरतडलेली. वर्षाप्रमाणे गठ्ठे बांधायचे, एवढंच काम होतं. बिलावर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहिलेलं असायचं. गठ्ठे बांधताना मला गंगापूरकडच्या एका शेतकऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं. बोअरमध्ये मोटार सोडायला वीस फुटी पाइप लागतात. त्यानं पहिल्या वर्षी आठ पाइप नेले होते. पुढच्या वर्षी दोन. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तीन. मी थबकले. पाणी खाली जातं तसा माणूस पाइप वाढवतो, हे देवगावात लहान मूलही सांगेल. म्हणजे त्या माणसाचं पाणी पाच वर्षांत किती खाली गेलं, ते या बिलांवरून मोजता येत होतं.

मी दुसरं नाव शोधलं, मग तिसरं. मग गावंच वेगळी काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर रेघा मारून तक्ता केला. डावीकडं गावं, वर वर्षं, मध्ये वाढवलेले पाइप. कन्नडकडच्या गावांचे आकडे हळू वाढत होते, वैजापूरकडचे भराभर. एका गावचे आकडे मध्येच थांबले होते. तिथं पाणी टिकलं, की लोकांनी दुसऱ्या दुकानातून माल नेला, ते कसं ओळखायचं या विचारात मी त्या संध्याकाळी बसमध्ये बसले आणि माझा स्टॉप कधी गेला ते कळलं नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उतरवलं. तिथून पायी घरी आले.

सकाळी चाचांना तक्ता दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"हिशेबात कुठं बसतं हे?"

"कुठंच नाही."

"मग याला कायतरी नाव असल ना?"

गुलाबी फॉर्मवर नाव होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी रकान्यात संख्याशास्त्र असं लिहिलं. तक्ता दादांपुढं ठेवून सगळं समजावलं. त्यांना कितपत पटलं कोण जाणे, पण आपल्या गावाच्या ओळीवर त्यांनी बोट फिरवलं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत फॉर्मवर सही केली.

मी फॉर्म घेऊन खिडकीवर गेले. क्लार्कनं वाचला आणि परत सरकवला.

"संख्याशास्त्र यंदा नाही."

"फॉर्मवर छापलंय."

"फॉर्म जुने आहेत. दहा मुलं असली तर वर्ग काढतात. तुमच्यासकट चार आहेत. अकाउंट्स लिहा."

"आणखी सहा आणली तर?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याचं जेवण लांबवत होते. "आणा. शनिवारपर्यंत."

मी तीन दिवस कॉलेजच्या गेटवर वही घेऊन उभी राहिले. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला तक्ता दाखवला. काहींनी ऐकून घेतलं, बऱ्याच जणांनी नोकरी कुठं लागते ते विचारलं, आणि ते मला सांगता आलं नाही. तरी शुक्रवारी दुपारपर्यंत दहा नावं झाली. मला जेवण गोड लागलं. शनिवारी सकाळी त्यांतली एक मुलगी आली आणि भाऊ नको म्हणतो म्हणाली. मी तिच्या घरी जाते, भावाशी बोलते म्हटलं. ती घाबरून नको नको म्हणत निघून गेली. दुपारी बारापर्यंत मी दहावं माणूस शोधत फिरले. कॅन्टीनमध्ये, ग्रंथालयात, सायकल स्टँडवर. मग माझा आणि नव्या पाच जणांचे फॉर्म घेऊन खिडकीवर गेले.

"आधीचे तीन धरून नऊ आहेत," मी म्हटलं.

"दहा लागतात."

"एकासाठी?"

"नियम मी केला नाही." त्यानं माझ्या फॉर्मवर संख्याशास्त्र खोडलं, वर अकाउंट्स लिहिलं आणि त्या बदलाखाली माझी सही मागितली. मागं रांग लागली होती. मी सही केली. आज इतक्या वर्षांनीही ती सही केल्याचा मला राग येतो. प्राचार्यांकडं जायला हवं होतं, निदान भांडायला हवं होतं. पण तीन दिवस उन्हात उभं राहून मी थकले होते.

दादांना सांगितलं तेव्हा ते दाराबाहेरच्या पायरीवर बसून बूट पुसत होते. मला वाटलं, मनातून खूशच होतील. त्यांनी बूट बाजूला ठेवला.

"मी चौथीला होतो," ते म्हणाले. "पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेलेला. आमचं सगळं उर्दूत. मी वर्गात पह्यला, तुझा तो चाचा दुसरा. एक दिवस नवे मास्तर आले आन् म्हनले, आता समदं मराठीत. घरी मराठीच बोलत व्हतो की आमी, पन लिहायचं कुनाला येतंय? पह्यल्या नंबरचा मी, पाटीवर नाव लिहिता येईना. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाय."

"आणि चाचा?"

"त्यो गेला. त्याचा बाप मागं लागला व्हता. माझ्या बापानं इचारलंच नाय, का रं जात नाय म्हनून." त्यांनी बूट पुन्हा हातात घेतला. "तू बसमधी बोललीस ना मला, कुनी इचारलं का म्हनून. तवा मला लई राग आला व्हता. तुझा नाय."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. आतून आईनं चहाला हाक मारली.

तिसरं वर्ष मी अकाउंट्समध्येच केलं. चांगले मार्क मिळाले. पुढं एका खासगी कंपनीत लागले आणि अकाउंट्समध्येच नोकरीची सगळी वर्षं काढली. काचेच्या केबिनीत बसले, पंख्याखाली, खुर्चीवर. काम चोख केलं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. ते माझ्यासाठी बरोबर होतं का, याचं उत्तर मी कधी नाही असं देते, तर कधी पगाराच्या दिवशी दादांचा चेहरा आठवून बरं होतं म्हणते. पाइपांचा तक्ता मी आणखी दोन वर्षं चाचांच्या माळ्यावर जाऊन भरला. मग दुकान दुसऱ्या मालकाकडं गेलं आणि बिलबुकं रद्दीत गेली.

आम्ही पास होऊन बाहेर पडल्यावर मी एकदा दाखला आणायला कॉलेजात गेले होते. त्या वर्षी संख्याशास्त्राला चौदा मुलं आली होती. जिन्याजवळच्या खोलीत त्यांचा तास चालू होता आणि दार उघडं होतं. मी जरा वेळ बाहेर उभी राहून ऐकलं. मग खिडकी बंद व्हायच्या आत दाखला घ्यायला गेले.