जामीनदाराचा मान
स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की वीस वर्षांपूर्वीची भिवंडीतली पतपेढी आठवते. मेव्हण्याला दापोड्याच्या गोदामांवर चालवायला टेम्पो घ्यायचा होता. कर्जाला जामीन म्हणून त्याने माझ्या साडूला आणलं होतं, मला नुसतं सोबतीला. मॅनेजरने चहाही साडूपुढेच ठेवला. साडूने मंत्र्याच्या थाटात सोनेरी पेन काढलं आणि माझ्या पोटात दुखलं. "माझी सही चालत नाही का रे?" मी मेव्हण्याला विचारलं. "तसं न्हाय भावोजी, पण त्यांचा पगार मोठा हाय." मी अर्ज माझ्याकडे ओढलाच. "घ्या, तुमचाच मान!" म्हणत साडूने पेन पुढे केलं. पुढे मेव्हण्याने हप्ते थकवले. तीन वर्षं ते माझ्या पगारातून कापले गेले. लग्नाकार्यात साडूच्या खिशाला ते पेन दिसलं की मला अजूनही त्याचा हेवा वाटतो. किती चटकन दिलं होतं त्याने ते!